नियम चौदा (अ)

लिफ्टमध्ये शिट्टीकाका भेटले तर तोंड उघडायचं नाही, हा आमच्या सोसायटीतला अलिखित नियम आहे. 'काय काका' इतपत चालतं. त्यापुढे 'बरं चाललंय' असं तोंडातून गेलं, तर दुसरा मजला येईपर्यंत तुम्ही गणपतीतल्या रस्सीखेचीचे सहायक पंच झालेले असता. मी राहतो अकराव्या मजल्यावर. तरी वर्षानुवर्षं मी मोबाइलकडे बघत, घसा साफ करत, वेळ पडल्यास तिसऱ्यावरच उतरून जिन्याने जात निभावून नेलं होतं. पण गेल्या मे महिन्यात एका संध्याकाळी, एका हातात दुधाच्या पिशव्या आणि दुसऱ्यात कलिंगड अशा अवस्थेत मी बोलून गेलो, "ऑगस्टमध्ये आमच्या चिरंजीवांना पंधरावं पूर्ण होतंय. या वयाच्या मुलांसाठी काय करायचं तेच कळत नाही हो."

अकरावा मजला आला. काकांनी दार उघडं धरायचं बटण दाबलं. त्यांनी ते सोडलं तेव्हा कलिंगड माझ्याच हातात होतं, पण पार्टी माझी राहिली नव्हती.

काकांचं वय चौसष्ट. मुलांनी खरं तर आजोबा म्हणायला हवं, पण आजोबा म्हणणाऱ्याला ते उत्तरच देत नाहीत. त्यामुळे ते आमचेही काका, आमच्या मुलांचेही काका आणि बी विंगमधल्या ऐंशीच्या आजींचेही काकाच. गळ्यात काळ्या दोरीत स्टीलची शिट्टी. खिशात खडू, सेफ्टी पिना, चार रंगांच्या रिबिनी आणि परकराच्या नाडीचं एक बंडल. नाडी तीन पायांच्या शर्यतीसाठी. "सुतळी काचते, रिबीन सुटते, नाडीला पर्याय नाही," हे त्यांचं संशोधन. अशी माणसं फक्त आमच्या ठाण्यातच असतात असं मला वाटायचं. पण न्यू जर्सीत माझ्या मेव्हण्याच्या मंडळाच्या पिकनिकला एक गृहस्थ खास भारतातून नाड्या घेऊन जातात असं कळलं, तेव्हा ही एक जागतिक जमात आहे याबद्दल माझी खात्री पटली.

चौतीस वर्षं काकांनी एका सरकारी कचेरीत आवक-जावक सांभाळलं. जन्मभर लोकांचे कागद योग्य टेबलावर पोचवले. निवृत्तीनंतर मात्र कागद लपवून ठेवायचे आणि लोकांना शोधायला लावायचे, हा छंद त्यांनी धरला. यात काही सूड असेल असं काकू म्हणतात.

काकांची तीन वाक्यं सोसायटीत सर्वांना पाठ आहेत. पहिलं, "एक मिनिट, आधी नियम ऐका." दुसरं, "प्लॅन बी आहे." हा प्लॅन बी म्हणजे नेहमी अंताक्षरी. वीज गेली, पाऊस आला, पंचांना चक्कर आली, काहीही झालं तरी मागे अंताक्षरी दबा धरून बसलेलीच असते. आणि तिसरं, कुठल्याही मीटिंगमध्ये, अगदी पाण्याच्या टाकीच्या गळतीवर चर्चा चालू असली तरी, हात वर करून, डोळे किंचित मिटून, एकेक अक्षर सुटं सुटं म्हटलेलं वाक्य : "त्रेचाळीस पूर्णांक एकोणऐंशी फूट!"

याचा खुलासा करायला हवा. २०१२ साली ठाण्यात जय जवान गोविंदा पथकाने नऊ थर लावले आणि ४३.७९ फुटांचा मानवी मनोरा गिनीज बुकात गेला. तेव्हापासून काकांसाठी जगातला प्रत्येक प्रश्न त्या मनोऱ्यापाशी येऊन सुटतो. "स्पेनवाल्यांचं १९८१ पासूनचं रेकॉर्ड होतं. आपल्या पोरांनी मोडलं. का? वरचा कितीही चपळ असू दे, खालचा हलला की संपलं. याला म्हणतात टीम. मी तिथे होतो." यावर काकू स्वयंपाकघरातून, "पाठ धरली होती म्हणून टीव्हीपुढे आडवे होते," एवढी दुरुस्ती करतात. २०२५ मध्ये ठाण्यातच दहा थर लागले, ही बातमी मुलांनी मोठ्या आनंदाने काकांच्या कानावर घातली. काका ढिम्म. म्हणाले, "थर काय मोजता? फूट मोजा."

आमचे चिरंजीव या वाक्याची हुबेहूब नक्कल करतात. एरवी पंधराव्या वर्षीचा मुलगा जेवढं बोलतो तेवढंच, म्हणजे 'हं', 'नको' आणि 'पासवर्ड काय', हे बोलणारा आमचा मुलगा मित्रांत बसला की मान जराशी तिरकी करून, डोळे मिटून असा काही "त्रेचाळीस पूर्णांक" सुरू करतो की पोरं लोळतात. मी त्याला दोनदा रागावलो आहे. तिसऱ्यांदा मला हसू आवरलं नाही, तेव्हापासून रागावायचा हक्क गेला.

पार्टी काकांकडे गेल्याचं त्याला सांगितलं, तेव्हा तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "बाबा, त्या दिवशी मी कुठे बाहेर गेलो तर चालेल का?"

तयारी मे महिन्यातच सुरू झाली. मागच्या वर्षीची विमा कंपनीची डायरी, तिच्यावर चिकटवलेली पट्टी : 'सांघिक आव्हान, गोपनीय'. आत वेळापत्रक. '५.०० ते ५.०७ स्वागत. ५.०७ ते ५.१९ नियम. ५.१९ ते ५.२० शंका.' पंधरा वर्षांच्या बावीस मुलांच्या शंकांना एक मिनिट. मी विचारलं, तर म्हणाले, "हे बघ, नियम नीट सांगितले की शंका उरतच नाहीत."

थीम ठरवायला मुलांची एक मीटिंग त्यांच्या घरी झाली. काकूंनी पोहे केले होते म्हणून हजेरी चांगली होती. काकांना 'ताकेशीज कॅसल' हवं होतं. जपानी लोक चिखलात पडतात आणि मागून जावेद जाफरी बोलतो, त्यापुढे दूरचित्रवाणीने काही केलंच नाही असं त्यांचं मत आहे. एका मुलीने 'स्क्विड गेम' सुचवलं. काकांनी पेन उघडलं. "काय असतं त्यात?" तिने सांगितलं की लहान मुलांचे खेळ असतात, टीम असतात, रस्सीखेच असते आणि जे हरतात ते मरतात. काकांनी 'मरतात' लिहिलं, थोडा वेळ त्याकडे बघितलं आणि खोडलं. "आपण फक्त रस्सीखेच घेऊ," ते म्हणाले. आणि मग रस्सीखेच १९०० ते १९२० पर्यंत ऑलिंपिकमध्ये होती, ती काढून टाकली ही मोठी चूक झाली, हे सांगण्यात पोहे संपले.

मार्शमेलोचा मनोरा मात्र मुलांना पटला. हा खेळ काकांनी नातवाच्या फोनवर पाहिला होता. स्पॅगेटीच्या वीस काड्या, वारभर दोरा, वारभर चिकटपट्टी, अठरा मिनिटं, आणि मनोऱ्याच्या टोकावर एक मार्शमेलो. "बालवाडीतली पोरं एमबीएवाल्यांपेक्षा उंच बांधतात, माहीत आहे? का? ती चर्चा करत बसत नाहीत, आधी मार्शमेलो लावून बघतात." हे खरं आहे, मीही कुठेशी ऐकलं होतं. अडचण एवढीच, की मार्शमेलोत जिलेटिन असतं आणि काकूंचा चातुर्मास. घरात तो पदार्थ येणार नाही असा निकाल आतून आला. मग त्याच्या जागी काकूंचा रव्याचा लाडू ठरला. लाडू आणि मार्शमेलो यांच्या वजनातला फरक मी दबकत दबकत सांगून पाहिला. काका म्हणाले, "आव्हान आहे ना? मग असू दे की आव्हान."

काकूंबद्दल दोन शब्द लिहिलेच पाहिजेत. या बाईंच्या लग्नातल्या डझनभर चमच्यांपैकी, प्रत्येकावर नाव घातलेलं असूनही, सात उरले आहेत. पाच लिंबू-चमच्यात गेले. खजिन्याच्या चिठ्ठ्या लिंबाच्या रसाने लिहून ठेवल्या की इस्त्री फिरवल्यावर अक्षरं तपकिरी उमटतात, हे काकांना कळलं त्या आठवड्यात काकूंच्या इस्त्रीला आंबूस करपट वास यायला लागला. काकांनी सोळा चिठ्ठ्या लिहिल्या आणि नीट उमटतायत ना हे बघायला सोळाही चिठ्ठ्यांवर इस्त्री फिरवली. म्हणजे गुप्त लिपीतल्या सोळाच्या सोळा चिठ्ठ्या आता लांबूनही वाचता येत होत्या. पुन्हा लिहिल्या. लिंबं काकूंची. हे सगळं सांगताना काकू हसतात, आणि मग एकदम थांबून विचारतात, "तुमच्याकडे आमचा एखादा चमचा आलाय का हो?"

चिठ्ठ्यांतला मजकूर पद्यात. 'मागील दारी, तुळशीशेजारी' असं एक कोडं होतं. ब्लॉकला मागचं दार नसतं, हे बारा वर्षं ब्लॉकमध्ये राहून काकांच्या लक्षात आलेलं नव्हतं. कोनाडा, उंबरठा, पाणवठा हे शब्द इंग्रजी माध्यमातल्या मुलांना कळतील का, असं मी विचारलं. "नाही कळले तर आजीला विचारतील. हाही टीमचाच भाग," हे त्यांचं उत्तर. मला ते मनापासून आवडलं, पण तसं सांगितलं नाही. सांगितलं असतं तर मलाही कविता करायला लावली असती. त्यांच्या मते सर्वांत बिनतोड कोडं सावलीचं होतं : संध्याकाळी साडेपाचला झेंड्याच्या खांबाची सावली जिथे संपते तिथे चिठ्ठी. जागा त्यांनी स्वतः उन्हात उभं राहून खडूने नक्की केली होती. मे महिन्यात.

ऑगस्टच्या त्या रविवारी ठाण्यात सूर्य नावाची वस्तू अस्तित्वात असल्याचा कसलाही पुरावा नव्हता. पहाटेपासून धो धो. खांब होता, सावली नव्हती. पण ते पुढचं.

आधी फोन जमा झाले. पोळ्यांचा मोठा स्टीलचा डबा घेऊन काका दारात उभे आणि एकेक मूल दागिने उतरवल्यासारखं फोन आत ठेवतंय. एका मुलाने बिनतक्रार फोन दिला तेव्हाच मला शंका यायला हवी होती. तो त्याच्या आईचा चार वर्षांपूर्वी बंद पडलेला फोन होता. मग टीम. दोन कॅप्टनांनी एकेक गडी उचलायचा आणि शेवटी उरलेल्याने खाली बघत उभं राहायचं, ही पद्धत काकांना मान्य नाही. त्याबद्दल ते एरवीपेक्षा हळू आवाजात बोलतात. "शेवटी उरतो तो माणूस मी होतो," एवढंच एकदा म्हणाले होते. म्हणून रंगीत चिठ्ठ्या. मुलांनी चिठ्ठ्या उचलल्या आणि ५.०७ ते ५.१९ नियम चालू असताना पाठीमागे चिठ्ठ्यांचा बाजार भरला. एका निळीला दोन पिवळ्या, वर एक गणिताची वही. नियम संपले तेव्हा चारही टीम मुलांना हव्या तशा झालेल्या होत्या. काकांनी समाधानाने पाहिलं आणि म्हणाले, "बघ, नशिबाने किती छान जमलं."

मनोऱ्याबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. तीन टीमचे मनोरे लाडू ठेवताक्षणी बसले. चौथ्या टीमने म्हणजे पिवळ्यांनी आधी लाडू खाल्ला, राहिलेला सुपारीएवढा तुकडा टोकावर ठेवला आणि मनोरा उभा राहिला. हलकल्लोळ. काकांनी शिट्टी मारली, चष्मा लावला, डायरी उघडली. नियम चौदा : 'लाडू टोकावर असावा.' अख्खा असावा असं कुठेच नव्हतं. चौतीस वर्षं सरकारी नियम वाचलेला माणूस लेखी शब्दापुढे वाकला. पिवळे विजयी. मग तिथेच, उभ्या उभ्या, त्यांनी पेन काढलं आणि लिहिलं : 'चौदा (अ). लाडू पूर्ण असावा.' खाली तारीख आणि सही.

आता खजिना. क्लब हाऊसच्या मध्यभागी टेबलावर एक पत्र्याची ट्रंक, तिला चार आकडी नंबरलॉक. प्रत्येक टीमच्या वाटेच्या शेवटी एक आकडा, चारही आकडे जमले तर कुलूप उघडणार. म्हणजे शेवटी चारही टीमना एकत्र यावं लागणार. योजना खरोखर सुंदर होती, हे मी शत्रू असूनही कबूल करतो. पाऊस असणार म्हणून चिठ्ठ्या धुतलेल्या दुधाच्या पिशव्यांत बांधून काकांनी पहाटे पाचला सोसायटीभर लपवल्या होत्या. बाकांखाली, कुंड्यांमागे, मीटर बॉक्सवर. आणि साडेसहाला झाडू घेऊन निघालेल्या आमच्या वॉचमनने कधी नव्हे ते कोपरे नीट साफ केले. त्या बिचाऱ्याने तरी काय करावं? बाकाखाली रिकामी दुधाची पिशवी दिसली तर ती कचरा नाही हे कोण ओळखेल?

मुलं चिंब होऊन परत आली. चार टीम, शून्य आकडे. तुळस शोधायला गेलेली टीम तळमजल्यावरच्या एका आजींकडून भजी खाऊन आली होती, एवढंच काय ते उत्पन्न.

"काही हरकत नाही," काका म्हणाले. "आकडे मी सांगतो." ते ट्रंकेपाशी गेले, कुलूप हातात घेतलं आणि तसेच उभे राहिले. बराच वेळ. आधी नंबर सोसायटीच्या नोंदणीचं साल होता. पण पेपर फुटल्याचा त्यांना संशय आला, म्हणून रात्री साडेबाराला उठून त्यांनी नंबर बदलला, चिठ्ठ्या नव्याने लिहिल्या. डायरीत नोंद केली नाही, गोपनीयता म्हणून. "अगदी सोपा ठेवला होता रे," ते मला हळूच म्हणाले. "विसरूच शकणार नाही असा." बाहेर पाऊस, आत बावीस मुलं, आणि काकांच्या कानाच्या पाळ्या लाल झालेल्या. मग ते वळले. "प्लॅन बी आहे..."

"नाही!" बावीसच्या बावीस ओरडले. पाच वाजल्यापासून सगळ्यांनी एका आवाजात म्हटलेली ही पहिली गोष्ट.

सेक्रेटरी प्लंबरकडून कटर मागवायला निघाले, त्यांनाही मुलांनी अडवलं. "काका, कट करणं चीटिंग आहे." चष्मेवाल्या एका मुलीने हवेत हिशेब केला : दहा हजार शक्यता, एकीला तीन सेकंद, आठ तास वीस मिनिटं. "जेवण मागवू या," कोणीतरी म्हणालं. आणि त्यांनी चक्क सुरू केलं. शून्य शून्य शून्य शून्य. एकजण चक्र फिरवतोय, एकजण ओढून बघतोय, एकजण मोजतोय, आणि बाकीचे भोवती कोंडाळं करून भेंड्यांच्या चालीवर आकडे म्हणतायत. बोट दुखलं की पुढचा. निळे, पिवळे कुणी विचारत नव्हतं. मी पिझ्झा मागवला. काका भिंतीशी खुर्चीवर बसून होते. शिट्टी खिशात ठेवलेली मी प्रथमच पाहिली.

दोनशे ओलांडले तेव्हा आमच्या चिरंजीवांची पाळी आली. ट्रंकेवर एक पाय, मान तिरकी, डोळे मिटलेले. काका मागेच बसलेत याचं त्याला भान नव्हतं, किंवा मुलं इतकी हसत होती की ते सुटलं. "एक मिनिट, आधी नियम ऐका! वरचा कितीही चपळ असू दे... त्रेचाळीस पूर्णांक एकोणऐंशी फूट!"

हसू निम्म्यात विझलं, कारण काका उभे राहिले होते. चिरंजीवांनी डोळे उघडले आणि पांढरे पडले.

"पुन्हा म्हण," काका म्हणाले.

"सॉरी काका. खरंच सॉरी."

"अरे सॉरी काय? पुन्हा म्हण! आकडा!"

ती चष्मेवाली मुलगी ट्रंकेवर झेपावली. चार. तीन. सात. नऊ. कुलूप खट्कन उघडलं.

पुढचा आरडाओरडा थांबायला किती वेळ लागला ते मी मोजलं नाही. एवढं पाहिलं, की बर्थडे बॉय काकांना घट्ट धरून हलवत होता आणि काका त्याला विचारत होते, "मान इतकी तिरकी करतो मी?"

ट्रंकेत चॉकलेटं होती, आणि खाली वर्तमानपत्रात नीट गुंडाळलेल्या, काळ्या दोरीत ओवलेल्या बावीस स्टीलच्या शिट्ट्या. पंधरा वर्षांच्या मुलांना शिट्ट्या! मला वाटलं, आता ही तोंड वाकडं करणार. पण दहा सेकंदांत क्लब हाऊसचं काय झालं ते तेव्हा बाहेर पार्किंगमध्ये असलेल्यांना विचारा. रात्री साडेदहापर्यंत ए, बी आणि सी विंग एकमेकींना शिट्ट्यांनी उत्तरं देत होत्या. दुसऱ्या दिवशी सूचनाफलकावर सेक्रेटरींची नोटीस लागली. तिच्या खाली कोणीतरी पेन्सिलीने 'चौदा (ब)' असं लिहिलं होतं.

त्या रात्री रिकामी ट्रंक वर न्यायला मी काकांना मदत केली. लिफ्टमध्ये दोघंच. नियम मोडून मीच म्हणालो, "मजा आली काका." त्यांनी उत्तर दिलं नाही. ते कुलूप हातात घेऊन चक्रं फिरवत होते. त्यांचा मजला आला. त्यांनी दार उघडं धरायचं बटण दाबलं आणि आवाज अगदी खाली आणून म्हणाले,

"हे बघ, हा नंबर आता बदलायला हवा. पेपर फुटला."